माठातलं पाणी

रविवारी घालायचा झगा शुक्रवारीच आला, आणि झग्याबरोबर नावही आलं.

गाड्यांचे मालक डॉन सेवेरो यांच्या घरची मोलकरीण मांडवाखाली उभी राहून सांगत होती, "बाईंनी स्वतः शिवलाय. ग्वायमासच्या बंदरातून आलेलं कापड आहे. गळ्याच्या आतल्या बाजूला पोरीसाठी आपलंच नाव भरलंय, लियोकादिया. बाहेरून दिसत नाही, पण आहे."

"काय नाजूक हात आहे बाईंचा," दोन्या अपोलोनिया म्हणाल्या. चुलीवरच्या खापरात भाजणीचा गहू होता, तो हलवायचा सोडून त्यांनी हात पदराला पुसले आणि झगा उन्हाकडे धरून पाहिला. "सांग त्यांना, देव उदंड देवो म्हणावं."

मोलकरीण गेली. मांडवाच्या फांद्यांमधून ऊन गाळून पडत होतं. खांबाला टांगलेला माठ वाऱ्याने थोडा हलत होता आणि त्याच्या बुडाशी जमलेले थेंब खालच्या मातीत एकाच जागी पडत होते. त्या ओल्या वर्तुळात घरातलं मांजर झोपलं होतं. अपोलोनियांचे यजमान, म्हातारे डॉन ब्लास, त्याला सार्जंट म्हणत.

अपोलोनियांच्या सुनेने, त्रिनिदादने, मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं. चार महिन्यांची झाली, अजून तिला नाव नव्हतं. पाद्री जानेवारीत नदीकाठच्या गावांच्या फेरीवर गेला तो आत्ता जूनमध्ये परतला होता. तोवर सगळे तिला छकुली म्हणत.

"आई, एक विचारू?"

"विचार. नावाचं सोडून."

"नावाचं नाही. माद्रिनाचं."

अपोलोनियांनी पुन्हा गहू हलवायला घेतला. "माद्रिना ठरली आहे. पाद्र्यासमोर पोरीला हातात घेणार त्या दोन्या लियोकादिया."

"पास्कालाने हिला अंगावर पाजलं. मी नऊ दिवस तापात होते, माझं मला नाव सांगता येत नव्हतं. उठले तर छातीत दूध नाही. ती त्या दिवशी माठ विकायला आपल्या दारात आली नसती तर..."

"मला सांगतेस? मी शुद्धीवर होते."

"मग?"

"मग काय. तिला नवी घोंगडी देणार आहे. माझ्या मागावरची, लाल पट्ट्याची. आणि पोतंभर गहू. इतकं कोण देतं?"

छकुलीने त्रिनिदादचं बोट तोंडात घातलं होतं आणि हिरड्यांनी चावत होती.

"घोंगडी दिली की ती जाते, आई," ती म्हणाली. "कोमाद्रे झाली की येते."

हे अपोलोनियांना कळत नव्हतं असं नाही. बाप्तिस्म्याला ज्या बाईच्या हातात मूल दिलं ती मुलाची माद्रिना झाली, आणि आईची कोमाद्रे. मग त्या दोघी लहानपणापासून एकमेकींच्या झिंज्या ओढत वाढलेल्या का असेनात, त्या दिवसापासून एकमेकींना 'तुम्ही' म्हणत. दुष्काळात एकीच्या चुलीवर दुसरीचा हक्क, मरणात पहिला खांदा दुसरीच्या घरचा. तुक्सोनमध्ये सोयरिकी मोडलेल्या होत्या, कोमाद्रेपण मोडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"तू लिबोरियोचा विचार कर," अपोलोनिया म्हणाल्या. "डॉन सेवेरो त्याला गाड्यांचा मुकादम करणार आहेत. बारा गाड्या, शंभर खेचरं. महिन्याने का होईना, नवरा घरी येईल. नाहीतर तो चालला कॅलिफोर्नियाच्या खाणींवर. तुझा भाऊ गेला होता. आला परत?"

त्रिनिदादने मुलीला खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिली. झोप येत नसताना मूल थोपटावं तसं.

*

त्याच वेळी गावाच्या वरच्या अंगाला बाप-लेक भिंत फोडत होते.

मेक्सिकोचा झेंडा उतरून अमेरिकेचा चढला त्याला बारा वर्षं झाली होती. जुन्या लष्करी ठाण्याच्या तटाचा आता कोणाला उपयोग उरला नव्हता, आणि ज्याला खोली वाढवायची असेल तो गाढव घेऊन यायचा आणि तटाच्या विटा काढून न्यायचा. छकुलीच्या खोलीला अजून साठ विटा हव्या होत्या. लिबोरियो पहार घालून वीट सुटी करत होता, डॉन ब्लास ती हातात घेऊन उलटसुलट बघत होते, म्हणून काम निम्म्या वेगाने चाललं होतं.

"ही बघ. हिच्यात पेंढा नाही, घोड्याचे केस आहेत. त्या वर्षी गवतसुद्धा उगवलं नव्हतं."

"तुम्हाला काय ठाऊक बाबा?"

"मीच थापली. सात वर्षांचा होतो."

"सात वर्षांच्या पोराने थापलेल्या विटांवर गाव उभं होतं?"

"म्हणून तर पडतंय."

लिबोरियो हसला. म्हातारा विटेवर अंगठा फिरवत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर पडकी भिंत नव्हती. चार कोपरे होते, दोन बुरूज होते, एकच दरवाजा होता. संध्याकाळी ढोल वाजला की माणसं, कोंबड्या, गाढवं, पाद्री, सगळे एका पोत्यात कोंबल्यासारखे आत. बाहेर फक्त अंधार आणि अंधारात अपाची. त्यांचंही पोट होतं, त्यांचीही पोरं होती, पण सात वर्षांच्या पोराला ते कोण सांगणार. सकाळी दरवाजा उघडायच्या आधी पहारेकरी विचारायचा, बाहेर कोण? आणि जवळच्या बाक वस्तीवरचे ओओधाम, इथले मूळ रहिवासी, बाहेरून सांगायचे, रात्रीत माग दिसले की नाही दिसले. ते 'नाही' म्हणाले की दरवाजा उघडायचा. आत राहणाऱ्यांची सकाळ बाहेर राहणाऱ्यांच्या शब्दावर व्हायची.

"तुझ्या आईची आई," ब्लास म्हणाले, "एकदा दरवाजा उघडायच्या आधी मागच्या फटीतून बाहेर गेली. कलिंगडं तोडायला. लेकीला कलिंगड हवं होतं."

"माहीत आहे, बाबा."

"तेव्हा तुझी आई, माझी पोला, नऊ वर्षांची होती. त्यानंतर ती शेताच्या बांधापलीकडे गेलेली नाही. पन्नास वर्षं होतील. तू तिच्यावर चिडतोस तेव्हा हे लक्षात ठेव."

"मी चिडत नाही. पण तिला वाटतं मुकादमी त्या झग्यातून येणार आहे."

"तुला काय वाटतं?"

लिबोरियोने पहार भिंतीत रुतवली. "मला वाटतं खेचरांतून यावी. माझ्याइतकं खेचर कोणाला कळतं या गावात?"

"हे तू सेवेरोला सांगितलंस?"

"आई सांगू देते का?"

ब्लासनी ती वीट गाढवाच्या पाठीवर न टाकता बाजूला ठेवली. "ही वेगळी ठेव. पोरीच्या खोलीत उंबऱ्याखाली घालू."

*

पास्काला, त्याच बाकच्या ओओधामांपैकी, शनिवारी दुपारी आली. पाठीवरच्या जाळीदार टोपलीत शेवटचे पाच माठ होते, एकमेकांत गवत घालून बसवलेले. कपाळाचा पट्टा काढून तिने टोपली टेकवली आणि मांडवात बसली. त्रिनिदाद पाटावर कपडे धुवायला गेली होती. अपोलोनियांनी मुलगी आणून तिच्या मांडीत दिली.

पास्कालाला हे घर पहिल्यांदा कानांनी कळलं होतं. त्या सकाळी ती गल्लीतून चालली होती आणि आतून रडणं ऐकू आलं. भुकेचं नव्हे, भूक संपून गेल्यावर येतं तसं बारीक. तिचं स्वतःचं मूल जाऊन अकरा दिवस झाले होते. त्याचं नाव ती घेत नसे. तिच्या लोकांत गेलेल्याचं नाव घेत नाहीत, त्याला वाटेत मागे वळून पाहायला लागू नये म्हणून. पण दुधाला कुठे रीत कळते. रडणं ऐकताच तिची चोळी भिजली, आणि ती न विचारता आत गेली.

आता मुलगी दूध पिता पिता तिच्या हनुवटीवरच्या निळ्या गोंदणाकडे हात नेत होती.

"उद्या बाप्तिस्मा आहे," अपोलोनिया म्हणाल्या.

पास्कालाने मान हलवली.

"ही घोंगडी तुझी. गहू तिथे आहे, पोतं शिवून ठेवलंय. न्यायला गाढव देईन."

पास्काला घोंगडीकडे पाहत राहिली. तिचं उत्तर नेहमी उशिरा यायचं. अपोलोनियांना त्याची सवय झाली होती, पण आज ते थांबणं त्यांना सोसवेना.

"पाद्री एक प्रश्न विचारतात. दारातच. घरी कोणी बाप्तिस्म्याचं पाणी घातलं होतं का म्हणून."

"हो. बाकच्या देवळातही विचारतात."

"तू कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"त्रिनिदादला?"

"ती आजारी होती. मग बरी झाली. मग हसायला लागली. तेव्हा कशाला सांगायचं?"

अपोलोनिया खाली बसल्या. सार्जंट उठून त्यांच्या पायाशी येऊन अंग घासायला लागला, त्यांनी त्याला दूर केलं. चार महिने त्या मांजराकडे नीट बघू शकल्या नव्हत्या. त्रिनिदादच्या तापाच्या आठव्या दिवशी, उजाडता उजाडता, मुलीचे ओठ काळेनिळे पडले होते आणि श्वास कुठे लागत नव्हता. लिबोरियो पाद्री शोधत नदीकाठाने गेलेला, ब्लास वैदूला आणायला गेलेले. मरणाऱ्या बाळाला कोणीही पाणी घालू शकतं, हे अपोलोनियांना पाठ होतं. बहिणीने मागदालेनाच्या जत्रेहून आणलेली मंतरलेल्या पाण्याची बाटली त्यांनी कोनाड्यातून काढली. आणि त्यांच्या हातांनी दगा दिला. बाटली जमिनीवर आपटली, पाणी मातीत जिरलं, आणि आयुष्यभर रोज म्हटलेले शब्द तोंडात येईनात.

तेव्हा या बाईने मुलीला एका हातावर घेतलं, दुसऱ्या हाताने आपल्याच माठात भोपळ्याची वाटी बुडवली, आणि सावकाश, एकही शब्द न चुकता, तीनदा पाणी घातलं. गार पाणी डोक्यावर पडताच पोरीने श्वास ओढला आणि किंचाळली.

बाटली मांजराने फोडली, असं अपोलोनियांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

"ते माठातलं पाणी होतं," त्या आता म्हणाल्या. "विकायच्या माठातलं. मंतरलेलं नव्हतं."

"पाणीच होतं," पास्काला म्हणाली.

"म्हणजे कदाचित पाद्री ते धरत नसतील."

पास्कालाने मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. "ते मला विचारणार नाहीत, दोन्या अपोलोनिया. तुम्हाला विचारतील."

"एकदा पाणी घातलेल्याला पुन्हा घातलं तर मोठं पाप आहे," अपोलोनिया हळूच म्हणाल्या, जणू समोरची पाद्री आहे. "आणि नाही घालू दिलं तर माझा मुलगा खाणीत जाईल."

मुलगी झोपली तेव्हा पास्कालाने तिच्या टाळूवर, जिथे ठोका लागतो तिथे, तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"निवडुंगाची फळं लाल झाली आहेत," ती शेवटी म्हणाली. "डोंगरापलीकडे आमच्या बायका जमल्या. मी जाते आता."

"आणि परत?"

"माठ संपले," पास्काला म्हणाली.

*

रविवारी उजाडल्यावर अपोलोनिया मांडवात आल्या तेव्हा घोंगडी गव्हाच्या पोत्यावर घडी करून ठेवलेली होती. पोत्याची शिवण तशीच होती. खांबाला जुन्या माठाच्या जागी नवा माठ टांगलेला होता, काठोकाठ भरलेला. बाकच्या वाटेने कधीतरी पहाटे ती येऊन गेली असणार. कोणाला चाहूलही लागली नव्हती.

देवळाच्या दारात दोन्या लियोकादिया मुलीला घेऊन उभ्या होत्या. झगा त्यांच्या कोपरापासून गुडघ्यापर्यंत लोंबत होता. शेजारी डॉन सेवेरो, टोपी हातात, केसांना तेल. त्रिनिदाद नवऱ्याला चिकटून उभी होती आणि मुलीकडे अशी बघत होती, जणू ती कोणा दुसऱ्याच घरची.

पाद्र्याने विचारलं, "या मुलीला घरी कोणी पाणी घातलं आहे का?"

"नाही, फादर," लिबोरियो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

पाद्र्याने पान उलटलं.

"थांबा," अपोलोनिया म्हणाल्या.

सगळे वळले. त्यांच्या तोंडून जे पहिलं बाहेर पडलं ते भलतंच होतं.

"बाटली मांजराने फोडली नाही. मी फोडली."

"कुठली बाटली, पोला?" ब्लासनी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. काही गाळलं नाही. बाटली कशी सुटली, शब्द कसे आठवेनात, पोर कशी काळीनिळी पडली. आपली मुलगी एकदा हातातून गेली होती हे त्रिनिदादला आज, या दारात, कळत होतं.

"आठव्या दिवशी?" तिने विचारलं. "आई, मी शेजारच्याच खाटेवर होते."

"होतीस, बाळा. तुला ओढून उठवलं असतं तरी तू उठली नसतीस."

"पाणी कोणी घातलं?" पाद्र्याने विचारलं.

"बाकच्या पास्कालाने."

"शब्द नीट म्हणाली?"

"एकही चुकली नाही. चुकणारी मी होते."

"मग बाप्तिस्मा झालेला आहे," पाद्री म्हणाला. "पुन्हा पाणी घालता येणार नाही. तेल लावीन, आशीर्वाद देईन, वहीत नोंद करीन. माद्रिना पास्काला. नाव काय ठेवलं तिने?"

इथे अपोलोनिया पुन्हा अडल्या. चार महिने सगळ्यात जड हेच होतं. शब्द म्हणताना पास्काला एका जागी थांबली होती, नाव हवं होतं. तिच्या स्वतःच्या बाळाचं नाव तिला घेता येत नव्हतं. तिने मान वर करून समोर पाहिलं होतं, बाटलीच्या काचांमध्ये गुडघे टेकून रडणाऱ्या बाईकडे.

"माझं," त्या म्हणाल्या. "अपोलोनिया ठेवलं."

डॉन सेवेरोंनी टोपी डोक्यावर घातली. "चार महिने," ते म्हणाले. "चार महिने मी तुम्हाला कोमाद्रे म्हणायची जिभेला सवय करतोय, दोन्या अपोलोनिया. एक शब्द सांगितला असतात तर." आणि ते पायऱ्या उतरून उन्हात जाऊन उभे राहिले.

दोन्या लियोकादियांनी मुलीला खाली ठेवलं नाही. त्यांनी विचारलं, "तिने तीनदा घातलं पाणी?"

"तीनदा."

"माझी तिघं गेली," त्या म्हणाल्या. "दोघांच्या वेळी घरात पाणी होतं, माणसंही होती. म्हणणारं कोणी नव्हतं. ती दोघं दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरली आहेत." त्यांनी झग्याची सुरकुती नीट केली आणि मुलीला त्रिनिदादच्या हातात दिलं. "मेणबत्ती तरी मला धरू द्याल ना? रिकाम्या हाताने घरी कशी जाऊ?"

त्यांनी मेणबत्ती धरली. तेल लावताना छकुली, आता धाकटी अपोलोनिया म्हणून पोलिता, शिंकली, आणि वाऱ्याने ज्योत वाकली, पण विझली नाही.

*

"ती कुठे आहे?" घरी परतल्यावर त्रिनिदादने विचारलं.

"डोंगरापलीकडे. फळांच्या मुक्कामावर," अपोलोनिया म्हणाल्या. "गाडी जोड, लिबोरियो."

"उद्या जाऊ आई. मी एकटा जाऊन घेऊन येतो तिला."

"ती का येईल? निरोपाने बोलवायला ती काय मोलकरीण आहे?" एवढं बोलून त्या गाडीत चढल्याही. ब्लासनी लेकाकडे पाहिलं आणि ते शेजारी बसले. घोंगडी त्रिनिदादने बरोबर घ्यायला उचलली, तर सासूबाई खाली उतरल्या आणि ती तिच्या हातातून काढून घेऊन घरात गेल्या. परत आल्या त्या रिकाम्या हातांनी.

शेताच्या बांधाशी अपोलोनियांनी डोळे मिटले आणि ब्लासचं मनगट धरलं. त्यांची नखं रुतली, पण म्हातारा हलला नाही. पाठीमागून टापांचा आवाज आला. डॉन सेवेरो होते, मांडीवर बंदूक आडवी.

"बायकामाणसांना घेऊन एका बंदुकीवर डोंगर ओलांडतोस?" ते लिबोरियोला म्हणाले. चेहरा अजून आंबटच होता. "आणि डावं खेचर लंगडतंय."

"लंगडत नाही. नाटक करतंय. चढ दिसला की करतं. आत्ता बघा." लिबोरियोने लगाम सैल सोडून जीभ टाळूला लावून आवाज केला. खेचर चार पावलं लंगडलं, मग मुकाट चालायला लागलं.

डॉन सेवेरो बराच वेळ त्या खेचराकडे बघत घोडा हाकत राहिले. "सोमवारी सकाळी अंगणात ये," ते शेवटी म्हणाले. "गाड्या दाखवतो." आणि मग, कोणाला उद्देशून नाही, "खेचरांना कोमाद्रे लागत नाही."

खिंडीच्या तोंडाशी, उतारावर, माणसाच्या चौपट उंच निवडुंग हात वर करून उभे होते. त्यांच्या माथ्यावर लाल फळं फुटली होती, आणि लांब काठ्या घेतलेल्या बायका ती खाली पाडत होत्या. पास्कालाने गाडी लांबूनच पाहिली असणार. पण ती काठी टेकून उभी राहिली, पुढे आली नाही.

अपोलोनिया उतरल्या. वाटेत कधीतरी त्यांनी डोळे उघडले होते, कोणी विचारलं नाही. उघड्या माळावर, ज्याच्या चारी बाजूंना भिंत नव्हती, त्या एकट्या चालत गेल्या.

"कोमाद्रे," त्या म्हणाल्या, "तुम्ही घोंगडी विसरलात."

पास्कालाने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग त्रिनिदादच्या हातातल्या मुलीकडे, झग्याकडे, टाळूवरच्या तेलाकडे. तिचं उत्तर उशिरा यायचं, आणि आज कोणालाच घाई नव्हती.

"कुठे आहे?" तिने विचारलं.

"पोरीच्या नव्या खोलीत. तुमच्या जागी अंथरून ठेवली आहे. रात्री थंडी पडते तेव्हा या. ऊन वाढलं की या. तुम्ही आला नाहीत तर मी येईन. वाट माहीत झाली आता."

"तुम्ही बांधापलीकडे येत नाही," पास्काला म्हणाली.

"येत नव्हते."

पास्कालाने पायाजवळचं एक फुटलेलं फळ उचललं. या हंगामातलं तिचं पहिलंच फळ होतं. आतला लाल गर दोन बोटांवर घेतला आणि आधी आपल्या छातीवर, काळजाच्या जागी टेकवला, जसा तिच्या लोकांतल्या बायका मिळालेल्याबद्दल आभार म्हणून टेकवतात. मग ती त्रिनिदादपाशी आली.

"कोमाद्रे," त्रिनिदाद म्हणाली. पुढचे शब्द तिने वाटभर जुळवले होते, ते तिला सापडेनात. "घ्या. तुमची आहे."

पास्कालाने मुलीला घेतलं, आणि तीच दोन बोटं पोलिताच्या छातीवर ठेवली. ग्वायमासच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर तांबडा ठसा उमटला.

"आई, झगा," त्रिनिदाद दबकून म्हणाली.

"राहू दे," अपोलोनिया म्हणाल्या. त्यांनी स्वतःही खाली वाकून फळातला थोडा गर घेतला, आणि आपल्या काळ्या रविवारच्या पोशाखावर, उजवीकडे की डावीकडे हे क्षणभर आठवून, टेकवला.

मग त्यांनी मागे वळून पाहिलं. खिंडीतून खाली गाव दिसत होतं. मातीच्या रंगाची मूठभर घरं, नदीची हिरवी रेघ, एका कोपऱ्यात अर्धा तट आणि वर धुराची दोरी.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "ब्लास, आपण एवढ्याशातच राहतो?"

"वाढेल," ब्लास म्हणाले.

तो झगा वाढत्या घरातल्या प्रत्येक मुलाच्या अंगावर चढला. गळ्याच्या आत लियोकादियांचं नाव अजून आहे. छातीवरचा ठसा आता विटेच्या रंगाचा झाला आहे, आणि आम्हा पोलिताच्या वंशजांमधली कुठलीही आई झगा धुवायला घेताना तेवढी जागा कोरडी ठेवते.